डेंग्यूच्या अभ्यासाला मोबाइल टॉवरचा डेटा कितपत उपयोगी? (वागळे इस्टेट, ठाणे)

घंटाळीची_पोर

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, आधीच माफी मागते.

मी सार्वजनिक आरोग्याचं पदव्युत्तर शिक्षण घेते आहे, दुसरं वर्ष. प्रबंधाचा विषय वागळे इस्टेटमधला डेंग्यू. गेल्या पावसाळ्यात रुग्णांच्या यादीवरून साठ-एक घरं पालथी घातली, बहुतेक किसननगर आणि आसपासची. प्रत्येकाला एक प्रश्न ठरलेला: ताप यायच्या आधीच्या १४ दिवसांत कुठे कुठे गेला होतात? (डास चावल्यापासून ताप यायला साधारण ४ ते १० दिवस लागतात, म्हणून १४ धरले.)

उत्तरही ठरलेलं. "कुठे जाणार मॅडम? काम आणि घर."

त्यातल्या एका दादांचं सांगते. तिसरा मजला, जिना असा की वरून सिलिंडर उतरत असेल तर आपण परत खाली जाऊन उभं राहायचं. घर एका खोलीचं पण लख्ख. पिंपावर झाकण, झाकणावर फडकं, फडक्यावर वीट. मी विजेरी मारून पिंप, मोरी, फ्रिजमागचा ट्रे, तुळशीची कुंडी सगळं पाहिलं, एक अळी नाही. धुराची गाडी दोनदा येऊन गेली होती. वहिनी म्हणाल्या, "घरातली झुरळं पळाली तेवढाच फायदा."

मी प्रश्न विचारला, दादांनी "काम आणि घर" म्हटलं. मग सहज म्हटलं, फोनमध्ये लोकेशन चालू असतं का? त्यांनी नकाशाच्या ॲपमधली टाइमलाइन उघडून फोन माझ्या हातात दिला आणि आम्ही तिघं त्यावर वाकून बसलो. रोज साडेनऊ ते साडेसात रोड नंबर १६ जवळचा गाळा, हे ठीक. पण रोज दुपारी तासभर ठिपका गाळ्यातून सरकून मागच्या गल्लीत. "हां, ते होय. पत्रा तापतो ना, डबा खायला मागे टायरवाल्याकडे बसतो." आणि मधल्या रविवारी चार तास दिव्याला (मुंब्र्यापुढचं स्टेशन). दादा म्हणाले, "दिव्याला? नाही बुवा." वहिनी म्हणाल्या, "माझ्या भावाकडे गेलो नव्हतो का, त्याच्या पोरीच्या बारशाला!"

चौदा दिवसांतलं बारसं माणूस विसरतो. मी त्यांना दोष देत नाही, मला काल काय जेवले ते आठवत नाही.

मुद्दा असा की डेंग्यूचा डास दिवसा चावतो, सकाळी उन्हं वर येताना आणि संध्याकाळच्या आधी जास्त. त्या वेळी दादा घरात नसतातच. रजिस्टरमध्ये पत्ता मात्र घराचा, आणि धुराची गाडी जाते पत्त्यावर.

तेव्हापासून डोक्यात घेतलंय की माणसांच्या आठवणीवर विसंबण्यापेक्षा मोबाइल कंपन्यांकडचा डेटा मिळाला तर? केनियातला हिवतापाचा अभ्यास वाचला, २०१२ साली 'सायन्स'मध्ये आला होता. सुमारे दीड कोटी फोन, जवळपास बारा हजार टॉवर, एका वर्षाच्या नोंदी. त्यावरून त्यांनी दाखवलं की व्हिक्टोरिया सरोवराच्या भागातून हिवतापाचे जंतू माणसांच्या अंगातून नैरोबीपर्यंत प्रवास करतात. पाकिस्तानात तर डेंग्यूवरच केलंय, २०१३ मधला जवळपास चार कोटी सिमकार्डांचा डेटा घेऊन. मग वागळे इस्टेटसाठी का नाही?

एका कंपनीला रीतसर मेल लिहिला, कॉलेजचं पत्र जोडून. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: "आपली तक्रार नोंदवण्यात आली आहे." खाली तक्रार क्रमांक. दुसऱ्या दिवशी मेसेज, की तक्रारीचं निवारण झालं, कृपया आम्हाला पाचपैकी तारे द्या.

तर कुणी या धंद्यातलं असेल तर सांगा. असा डेटा विद्यार्थ्याला मिळतो का, आणि मिळाला तर गल्ली कळण्याइतका बारीक असतो का? गूगलचे करोना काळातले गतिशीलता अहवाल पाहून झालेत. ते जिल्हावार आहेत. ठाणे जिल्हा म्हणजे नौपाडाही आला आणि मुरबाडही, त्याची सरासरी घेऊन मी काय करू?

---

टॉवरवाला_काका

पोरी, मेलला तक्रार क्रमांक मिळाला म्हणजे आमच्या खात्याची परंपरा अजून टिकून आहे. बरं वाटलं.

मी निवृत्त. आयुष्य नेटवर्कमध्ये गेलं, त्यातली बरीच वर्षं ठाणे-कळवा-घोडबंदर पट्ट्यात ड्राइव्ह टेस्ट करण्यात. म्हणजे रात्री दोन वाजता गाडीत लॅपटॉप, त्याला चार फोन जोडलेले, गच्चीवर अँटेना, आणि तीन हात नाक्याला पोलिसांना समजावून सांगायचं की आम्ही चोर नाही. तेव्हा तुझ्या प्रश्नाबद्दल चार गोष्टी अधिकाराने सांगतो.

टॉवरला माणूस दिसत नाही. टॉवरला फोन दिसतो, आणि कंपनीच्या नोंदीत तो उतरतो फोनने काही केलं तर. कॉल, मेसेज, नेट. त्या नोंदीला आम्ही सीडीआर म्हणतो: कुणी, कुणाला, किती वाजता, किती वेळ, आणि कुठल्या सेलवरून (सेल म्हणजे टॉवरच्या एका अँटेनाचा टापू). बस. फोन टॉवरपासून किती लांब होता, कितव्या मजल्यावर होता, गाळ्यात होता की गाळ्यामागे, यातलं काही त्यात नसतं. एका टॉवरवर साधारण तीन सेक्टर, प्रत्येकाने १२० अंशांचा पंखा पसरलेला. तुझ्या वागळे इस्टेटसारख्या दाट भागात तो पंखा काहीशे मीटर जातो, गावाकडे काही किलोमीटर. म्हणजे तुझ्या दादांचा गाळा, टायरवाला, समोरची वडापावची गाडी आणि मधल्या दोन कंपन्या, सगळे बहुधा एकाच सेक्टरच्या पोटात. ठिपका गाळ्यातून मागच्या गल्लीत सरकला हे फोनच्या जीपीएसने आणि वायफायने सांगितलं. टॉवरने ते कधीच सांगितलं नसतं.

दुसरं, फोन जवळच्याच टॉवरला धरतो हा गैरसमज. त्याला ज्याचा आवाज मोठा ऐकू येतो त्याला तो धरतो. कळव्याला खाडीकाठी आमची एक मेहुणी राहते. तिच्या खिडकीत फोन ठेवला की तो खाडीपलीकडच्या ठाण्याच्या सेलवर जायचा, कारण पाण्यावर अडवायला काही नाही, सिग्नल सरळ घरात. स्वयंपाकघरात गेली की कळव्याचा. नोंदी पाहणाऱ्याला वाटेल बाई दिवसातून वीस वेळा खाडी ओलांडतात. घोडबंदरच्या उंच इमारतींत तर विचारू नका. पंचविसाव्या मजल्यावरच्या फोनला दहा-पंधरा सेल एकदम दिसतात, कुठल्या कुठले. माणूस ढाराढूर झोपलेला, फोन उशाशी, आणि रेकॉर्डमध्ये रात्रभर दोन सेलमध्ये येरझाऱ्या. आम्ही त्याला पिंगपाँग म्हणायचो. अभ्यास करणारे लोक हे गाळून घेतात, पण गाळायला आधी ते गाळ आहे हे कळावं लागतं.

तिसरं, एका कंपनीचा डेटा म्हणजे गाव नव्हे. कुणाकडे दोन सिम, कुणाच्या घरात पाच माणसांत एक. कामगारांच्या खोल्यांवर ज्या कंपनीचा रिचार्ज स्वस्त ती कंपनी, आणि तो पुढच्या महिन्यात बदलतो.

आता मिळण्याचं. पदव्युत्तर विद्यार्थ्याला नाही मिळणार, आणि मिळू नये असं माझं मत आहे. परवान्याच्या अटीनुसार कंपन्यांना या नोंदी सांभाळून ठेवाव्या लागतात, डिसेंबर २०२१ पासून किमान दोन वर्षं. पण सांभाळणं वेगळं आणि वाटणं वेगळं. पोलिसांनासुद्धा वरिष्ठ अधिकाऱ्याच्या सहीशिवाय देत नाहीत. संशोधकांना जिथे मिळालं तिथे कंपनी आणि संस्था यांच्यात करार होता, आणि हातात आले ते नाव-नंबर काढलेले आकडे.

हे वाईट आहे असं समजू नकोस. टॉवरचा डेटा कशाला चांगला, ते हैतीत दिसलं. १२ जानेवारी २०१० ला भूकंप झाला, राजधानीतून लोक वाट फुटेल तिकडे गेले. सरकारला पत्ता नाही कोण कुठे गेलं. तिथल्या एका कंपनीच्या सुमारे १९ लाख सिमकार्डांवरून स्वीडनच्या आणि अमेरिकेच्या अभ्यासकांनी अंदाज काढला की १९ दिवसांत राजधानीतले सुमारे ६ लाख ३० हजार लोक बाहेर पडले, आणि कुठल्या प्रांतात किती गेले. त्याच साली ऑक्टोबरमध्ये पटकी पसरली तेव्हा साथीच्या भागातून माणसं कुठे चालली आहेत हे तर त्यांनी डेटा हाती आल्यापासून काही तासांत कळवलं. प्रांत ते प्रांत, शहर ते शहर, इथे टॉवर राजा. गल्ली ते गल्ली, इथे आंधळा.

आता तू मला सांग, तुझा डास किती लांब उडतो?

---

घंटाळीची_पोर

काका, साष्टांग नमस्कार. मेहुणीच्या खिडकीचं उदाहरण प्रबंधात घालू का? (नाव न घालता.)

डासाचं: एडिस इजिप्ती आळशी आहे. आयुष्यभरात जन्मल्या जागेपासून बहुतेक १००-२०० मीटरच्या आतच, फार फार तर ४०० मीटर. म्हणजे तुमचा एक सेक्टर हे त्याचं अख्खं जग, कधी जगापेक्षाही मोठं. कळलं मला. मी मासे धरायच्या जाळ्याने डास धरायला निघाले होते.

केनियातल्यांना ते का चाललं, तेही आता कळतंय. त्यांचा प्रश्न "कुठल्या गावातून कुठल्या शहरात" असा होता. पाकिस्तानातल्यांचाही तसाच: कराचीत डेंग्यू कायमचा मुक्कामाला, तिथून प्रवाशांबरोबर तो वर कुठे कधी पोचेल. माझा प्रश्न "गाळ्यात की गाळ्यामागे" असा आहे.

---

पाचपाखाडी_पॅसेंजर

मी दोन मिनिटं वेगळं बोलतो, रागावू नका.

"नाव-नंबर काढलेले" हे ऐकून ऐकून कान किटले. २०१३ साली एका युरोपीय देशातल्या १५ लाख लोकांच्या १५ महिन्यांच्या मोबाइल नोंदी घेऊन संशोधकांनी तपासलं, की नाव काढल्यावर माणूस ओळखता येतो का. चार नोंदी पुरल्या. चार वेळा, चार जागा, की ९५ टक्के लोकांची वाट गर्दीतून वेगळी निघाली. माझंच घ्या. रात्री पाचपाखाडी, सकाळी ८:२० ला ठाणे स्टेशन, दिवसा घणसोली, मंगळवारी संध्याकाळी उपवनचं गणपती मंदिर. अख्ख्या ठाण्यात असा प्राणी मी एकटाच असणार. नाव कशाला हवं? बायकोला विचारा, ती तेवढ्यावरून सांगेल.

आणि आपल्याकडे एकदा दार उघडलं की ते बंद कोण करतं? आरोग्य सेतू २ एप्रिल २०२० ला आलं तेव्हा मीही उत्साहाने घेतलं होतं. मग आमच्या सोसायटीच्या गेटवर वॉचमन हिरवं दिसलं तरच आत सोडायला लागला. ज्याच्याकडे साधा फोन त्या दूधवाल्याला गेटबाहेर पिशव्या ठेवून जायला सांगायचे. रोगाचं ॲप, ते दूधवाल्याला अडवायच्या कामाला लागलं. ते कुणी वरून सांगितलं नव्हतं, आमच्याच कमिटीने ठरवलं. मी कमिटीत होतो, म्हणून सांगतो.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलंय. २०२३ चा वैयक्तिक डेटाचा कायदा आहे. ताई, तुमचा हेतू चांगला आहे. पण त्या दादांनी तुमच्या हातात अख्खा फोन दिला. तुम्ही मागितला म्हणून दिला की "मॅडम पालिकेकडून आल्यात" असं समजून दिला?

---

घंटाळीची_पोर

हे बोचलं. खरं सांगायचं तर मला माहीत नाही.

माझ्या गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र होतं, आणि त्या दिवशी आरोग्य केंद्रातल्या एक ताई दारापर्यंत सोडायला आल्या होत्या. संमतीपत्रावर सही घेतली होती, पण त्यात "मुलाखत" लिहिलंय, "फोन पाहणे" लिहिलेलं नाही. टाइमलाइन बघताना आणखी एक ठिकाण दिसलं, ज्याबद्दल वहिनींसमोर दादा गप्प बसले आणि मीही पुढे सरकले. वहीत उतरवलं नाही. पण पाहिलं ते पाहिलं.

एथिक्स कमिटीला दुरुस्तीचा अर्ज देते आहे. २०२४ पासून टाइमलाइन फोनमध्येच साठायला लागलीय, तेव्हा ज्याची त्यानेच उघडायची, त्यानेच वाचून सांगायचं, मी पडद्याकडे बघायचं नाही, असं लिहिलंय.

---

सिस्टर_कोपरी

बाळा, सगळं वाचलं. रात्री वाचलं, ड्युटी संपल्यावर, म्हणून उत्तराला उशीर.

बावीस वर्षं घरोघर फिरतेय. तुझ्या फोनच्या गोष्टीत मला काय खटकलं सांगू? ज्याच्याकडे फोन नाही तो तुझ्या यादीत नाही. आमच्याकडे डेंग्यूच्या तापाने शाळेतली पोरं किती येतात बघ. त्यांच्याकडे कुठला फोन? पोर सकाळपासून दुपारपर्यंत शाळेत, तिथून शिकवणीला. अर्धी चड्डी, उघडे पाय, बाकाखाली अंधार. डासाला आणखी काय पाहिजे?

कामवाल्या बाया. चार घरची धुणीभांडी करते, फोन घरी चार्जिंगला लावून जाते, नाहीतर पोराकडे असतो. तुझा डेटा म्हणणार बाई दिवसभर घरात. ती बिचारी पाचपाखाडीतल्या चार बाल्कन्यांत कुंड्यांना पाणी घालत असते. (पॅसेंजरभाऊ, तुमच्या बाल्कनीतल्या मनीप्लांटचं पाणी कधी बदललं होतं?)

रजिस्टरमधला नंबर, तो तर विचारूच नको. बांधकामावरच्या पोरांचा नंबर मागितला की मुकादमाचा मिळतो. तीस पोरांचा एकच नंबर. मी त्या नंबरवर फोन करून विचारते, ताप उतरला का, तर मुकादम म्हणतो, कुणाचा?

आणि पत्त्याचं. तू म्हणतेस पत्ता घराचा लिहितात. आम्हाला का हौस आहे? फॉर्ममध्ये एकच रकाना. मागे एकदा मी स्वतः रुग्णाच्या घराखाली "कामाची जागा" असं पेनाने लिहून पाठवलं, तर वरून परत आलं, खाडाखोड आहे म्हणून.

पण एक सांगते. "कुठे कुठे गेला होता" असं विचारलंस तर "कुठे नाही" हेच येणार. माणसाला जाणं म्हणजे प्रवास वाटतो. तुळजापूरला गेला, गावाला गेला, ते जाणं. टायरवाल्याकडे डबा खायला बसणं म्हणजे का जाणं? मी असं विचारते: सकाळी उठल्यावर पहिला चहा कुठे? डबा कुठे बसून खाल्ला, सावलीला की आत? संध्याकाळी घरी यायच्या आधी कुठे टेकलास? रविवारी पाहुणे कोण? पाच मिनिटांत सगळं बाहेर येतं. बायकांना तर नवऱ्याचंही सगळं पाठ असतं, वहिनींना बारसं आठवलं की नाही? नवऱ्याला एकट्याला विचारूच नको कधी.

त्या टायरवाल्याकडे मी येते तुझ्याबरोबर, शनिवारी. एकटी जाऊ नकोस, ते लोक आपल्याला पालिकेचे समजून आधी अंगावर येतात, मग चहा पाजतात.

---

घंटाळीची_पोर

सिस्टर, शनिवार पक्का.

तुमचं वाचून एक आठवलं. पेरू देशात इक्विटोस नावाचं शहर आहे, ॲमेझॉनच्या काठी. तिथल्या डेंग्यूवरचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी रुग्णांना विचारलं, ताप यायच्या आधी दिवसा कुणाकुणाच्या घरी गेला होतात, आणि मग त्या घरांत जाऊन तिथल्या लोकांचं रक्त तपासलं. निघालं असं की साथ पसरते ती या घरून त्या घरी होणाऱ्या भेटीगाठींतून. शेजार लागून आहे की नाही यापेक्षा जाणं-येणं कुणाकडे, यावर जास्त. आधी त्याच शहरात त्यांनी लोकांना छोटी जीपीएस यंत्रंही बरोबर बाळगायला देऊन पाहिली होती. पण हे कळलं ते प्रश्न विचारून.

मी तो लेख जानेवारीतच वाचला होता. खुणा करून. आणि तरी चार कोटी सिमकार्डांच्या मागे लागले होते. आकडा मोठा दिसला की माझं असं होतं.

---

दोन_नंबर_पूल

विषयाला फाटा फोडतो. ताईंचा डास राहू द्या, पण ठाणे स्टेशनच्या पुलावर संध्याकाळी सातला जे होतं त्यासाठी हा टॉवरचा डेटा वापरता येणार नाही का? १६ एप्रिल २०२३ ला खारघरला उन्हात कार्यक्रम झाला, मी मावशीला घेऊन गेलो होतो. उष्माघाताने १४ जण गेले. आम्ही अकरालाच मावशीला चक्कर यायला लागली म्हणून बाहेर पडलो, आणि बाहेर पडायलाच तास गेला. पाणी होतं, पण गर्दीत पाण्यापर्यंत पोचता येत नव्हतं. मैदानात कुठल्या कोपऱ्यात किती माणूस साचलाय हे फोनवरून आधी कळलं असतं तर?

---

टॉवरवाला_काका

कळू शकतं, थोडंफार. कुठल्या सेलवर किती फोन लटकलेत हा आकडा नेटवर्कला क्षणोक्षणी माहीत असतो, आणि इथे नाव-नंबराचं काही काम नाही, नुसती बेरीज पुरते. पॅसेंजरलाही चालेल. मोठ्या मैदानाला आम्ही चाकांवरचे तात्पुरते टॉवर नेऊन उभे करतो, प्रत्येकाचा टापू लहान ठेवतो, तेव्हा कोपरा बऱ्यापैकी कळतो.

पण पुलाचं सांगतो. ठाण्याला पुलावर उभा असलेला फोन, फलाटावरचा फोन आणि खालून सुटणाऱ्या लोकलमधला फोन यांत टॉवरला फरक करता येत नाही. उंची त्याला कळत नाही. चेंगराचेंगरी पुलावर होते आणि आकडा येतो अख्ख्या स्टेशनचा. तिथे कॅमेरा बरा, नाहीतर पायच मोजा. २०१५ च्या नाशिकच्या सिंहस्थात तिथल्याच एका शाळकरी मुलाने साथीदारांना घेऊन रस्त्यावर टाकायची चटई केली होती, अशिओतो नावाची. पाय पडला की मोजायची. फोन नको, नाव नको, सिम नको. मला ती फार आवडली. आम्ही कोट्यवधींचे टॉवर उभे केले आणि पोराने पायपुसण्यावर काम भागवलं.

मावशी बऱ्या आहेत ना?

---

दोन_नंबर_पूल

ठणठणीत. आता दुपारची बाहेरच पडत नाही.

---

घंटाळीची_पोर

शनिवारचा वृत्तांत, ज्यांना रस आहे त्यांच्यासाठी.

सिस्टर बरोबर साडेबाराला आल्या, छत्री, विजेरी आणि लांब दांड्याची पळी घेऊन. टायरवाला आधी अंगावर आला, मग चहा आला. सिस्टरांनी सांगितलं होतं त्याच क्रमाने.

टायर पाहिले, सगळे. मला खात्री होती तिथेच असणार. दोन दिवस पाऊस नव्हता, टायर कोरडे. सिस्टर खाली बघतच नव्हत्या, वर बघत होत्या. दुकानाच्या पुढे निळी ताडपत्री बांधलेली, मधोमध तिला पोट आलेलं. त्याच सावलीत बाकडं, तिथेच दादा आणि आणखी पाच-सहा जण डबे घेऊन बसलेले. सिस्टर बाकड्यावर चढल्या, पळीभर पाणी काढलं, माझ्या पांढऱ्या डब्यात ओतलं. पाणी निवळेपर्यंत काही नाही. मग दिसल्या. पृष्ठभागाला शेपटीने लटकलेल्या, डोकं खाली, दोऱ्याच्या तुकड्यांसारख्या. विजेरीचा उजेड पडला की सगळ्या एकदम वळवळत तळाशी. मी मोजायला लागले तर सिस्टर म्हणाल्या, "मोज मोज, पण आधी ताडपत्री मोकळी करू दे." त्यांनी दांड्याने पोटाला खालून ढुशी दिली आणि सगळं पाणी डबे खाणाऱ्यांच्या पायाशी. थोडा आरडाओरडा झाला.

यावरून गेल्या वर्षीचा ताप इथूनच आला असं म्हणता येणार नाही, हे मला कळतं. या अळ्या या वर्षीच्या आहेत. पण नमुना बाटलीत घेतला आहे, आणि त्या बाकड्यावर रोज दुपारी कोण कोण बसतं याची यादी टायरवाल्याने तोंडपाठ सांगितली. कोण कधीपासून आलं नाही, कुणाला ताप होता, कोण गावाला गेलंय, सगळं. काका, त्याचा सेक्टर बारा फुटांचा आहे आणि पिंगपाँग अजिबात नाही.

एथिक्सचं पत्र अजून यायचं आहे. तोवर प्रश्नावली नव्याने केली: पहिला चहा, डबा, संध्याकाळचं टेकणं, रविवारचे पाहुणे. आणि शाळेतल्या पोरांसाठी वेगळं अर्धं पान. गाइड म्हणाले, चांगलं आहे, पण फॉर्म दुसऱ्या पानावर गेला, झेरॉक्सचा खर्च दुप्पट. मी म्हटलं, पाठपोट काढते.

---

टॉवरवाला_काका

पाठपोट काढताना मागची बाजू उलटी छापतात. गठ्ठा सांगायच्या आधी एक काढून बघ.